'डिलॅपिडेटेड' इमारत पडणारच असते का?

प्रश्न असा आहे. सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात 'द बिल्डिंग इज इन अ डिलॅपिडेटेड कंडिशन' असं एक वाक्य आलंय. शब्दकोश म्हणतो 'मोडकळीस आलेला'. मग इमारत पडायला आली असं धरायचं का? आणि इंग्रजीत हा शब्द नक्की कुठे चालतो? रॅमशॅकल, डेरेलिक्ट, रिकेटी, डिक्रेपिट हे सगळे त्याच अर्थाचे दिसतात, मग त्यांच्यात फरक काय?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. असे अहवाल लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणं हेच माझं काम, त्यामुळे या शब्दाशी रोजची गाठ आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. 'डिलॅपिडेटेड' एवढंच सांगतो की वस्तू एकेकाळी धड होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही आणि त्यापायी हळूहळू तिची पडझड झाली. ती अजून किती भार पेलेल, हे या शब्दात येतच नाही. ते मोजावं लागतं.

शब्दाचा गाभा 'हळूहळू' आणि 'दुर्लक्षामुळे' या दोन गोष्टींत आहे. यातली एक जरी नसेल तरी शब्द चुकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं घरांखाली गेली. त्या घरांना डिलॅपिडेटेड म्हणणं साफ चूक. दगडाच्या जाड भिंती, दगड बसवायला मातीचा गारा, वर मातीचं जडशीळ माळवद. त्यातली कित्येक घरं झाडलेली, सारवलेली, दर वर्षी डागडुजी केलेली होती. भूकंपात ती 'डिस्ट्रॉइड' झाली, जी उभी राहिली ती 'डॅमेज्ड'. एका रात्रीत कुठलीच वस्तू डिलॅपिडेटेड होत नाही. 'द अर्थक्वेक डिलॅपिडेटेड द हाउसेस' असं वाक्य आपल्याकडच्या निबंधांत क्वचित दिसतं, ते इंग्रजी कानाला खटकतं. या घरांतून दुसरीही एक गोष्ट दिसते. घर नीटनेटकं असूनही बांधणीच्या पद्धतीमुळेच जिवावर बेतणारं असू शकतं. तिच्याकडे पुढे परत येऊ.

उलट उदाहरण कोकणात आणि गोव्यात गावोगावी सापडेल. चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, मालक मुंबईला किंवा परदेशी. गणपतीला चार दिवस घर उघडतं, पुढे तेही थांबतं. कधी भावकीत वाटणी अडलेली असते, तर कधी वारसांची यादीच एवढी लांब असते की सह्या गोळा करायलाच कुणी उरत नाही. पावसाळ्याआधी घर शाकारायचं राहतं. माकडानं नाहीतर वाऱ्यानं एक कौल सरकतं. पाणी रिपेवर, तिथून वाशावर पडतं. ओल्या लाकडाला वाळवी लागते, वासा खचला की कौलांची अख्खी रांग खाली येते आणि मग पाऊस थेट भिंतीच्या माथ्यावर. मातीच्या जोडणीतला चिरा सुटायला दोन-तीन पावसाळे पुरतात. भिंतीत पिंपळ उगवला की कुणी पाहिलं नाही तर तोच मालक होतो. हे घर डिलॅपिडेटेड. सुरुवातीला काम होतं एका कौलाचं आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचं.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'उधळून टाकणे, नासणे' असा होता, इस्टेट किंवा पैसा उधळतात तसा. त्यात 'लापिस' म्हणजे दगड हा शब्द आहे, म्हणून दगड इकडेतिकडे विखुरलेली पडकी भिंत डोळ्यांसमोर येते आणि बरेच जण व्युत्पत्ती तिथेच संपवतात. मला उधळपट्टीचा अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्लंडच्या कायद्यात शब्द त्याच अंगानं रुळला. चर्चच्या पाद्रीला राहायला घर आणि वापरायला मालमत्ता मिळे, पण ती त्याची नसे. त्यानं घराचं छप्पर गळू दिलं, तर त्याच्या जागी येणारा नवा पाद्री आधीच्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून भरपाई मागू शके. त्या नुकसानीचं नावच 'डिलॅपिडेशन्स'. १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेनं यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे.

आजही लंडनमध्ये ऑफिसची जागा लीजवर घेणाऱ्याला लीज संपताना जागामालकाकडून 'शेड्यूल ऑफ डिलॅपिडेशन्स' येतं. करारात दुरुस्तीची जी जबाबदारी भाडेकरूनं घेतली आणि पाळली नाही, तिची कलमवार यादी. सर्व्हेअर मंडळी बोलताना नुसतं 'डिलॅप्स' म्हणतात आणि त्यांच्यातल्या काहींचा धंदाच तेवढा असतो. १९२७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम १८ नं या भरपाईला मर्यादा घातली: जागेची किंमत जेवढी घटली त्याहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि जागा पाडायचीच असेल तर दुरुस्तीचे पैसे मागण्यात अर्थ नाही. तिथे हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. कुणाचं काम होतं, ते झालं नाही, त्याचे पैसे किती. आपल्याकडच्या नोटिशीत तोच शब्द भीती घालायला येतो.

आता वापर. उच्चार डि-लॅ-पि-डे-टिड, जोर 'लॅ'वर. मुंबईत 'डायलॅपिडेटेड' सर्रास ऐकू येतं, मीटिंगमध्ये कुणाला त्यावरून टोकू नका, पण मुलाखतीला जाणार असाल तर सुधारून घ्या. स्पेलिंगची सुरुवात डी-आय-एल अशी आहे. डी-ई-एल लिहिणं ही इंग्रजांचीसुद्धा नेहमीची चूक.

विशेषण नामाआधी येतं: अ डिलॅपिडेटेड हाउस, अ डिलॅपिडेटेड शेड, डिलॅपिडेटेड फर्निचर. नामानंतरही येतं: द बंगलो लुक्स डिलॅपिडेटेड. 'इन अ डिलॅपिडेटेड कंडिशन' किंवा 'स्टेट' हे जोडकाम सरकारी कागदांचं लाडकं आहे आणि बहुतेक वेळा त्यातली 'कंडिशन' फुकटची असते. 'डिलॅपिडेट' हे क्रियापद शब्दकोशात आहे, पण आज कुणी वापरत नाही. 'घर मोडकळीस आलं' म्हणायचं तर 'द हाउस हॅज बिकम डिलॅपिडेटेड' किंवा त्याहून सहज 'हॅज फॉलन इन्टू डिसरिपेअर'. नाम 'डिलॅपिडेशन'.

शब्द चालतो तो मुख्यतः घरं, इमारती, कुंपणं, गोदामं, फर्निचर, जुन्या गाड्या यांना. खटारा बस डिलॅपिडेटेड असू शकते. कपड्यांना तो लावत नाहीत, तिथे शॅबी किंवा टॅटर्ड. पुस्तकाची पानं दुमडून कान पडले असतील तर डॉग-इअर्ड. बंद पडलेल्या लिफ्टला 'आउट ऑफ ऑर्डर'. माणसाला तर नाहीच, विनोद करायचा असल्याशिवाय. भारतीय वर्तमानपत्रांत 'डिलॅपिडेटेड रोड्स' सतत छापून येतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन लेखक रस्त्याला सहसा हा शब्द लावत नाही, तो 'पॉटहोल्ड' किंवा 'इन पुअर रिपेअर' म्हणेल. पण आपल्याकडे हा प्रयोग एवढा रुळलाय की त्याला चूक म्हणायला माझं मन धजत नाही. रस्त्याचीही देखभाल कुणीतरी करायची असते आणि ती झालेली नसते, मग अर्थ बसतोच की.

भावंडांपैकी सगळ्यात जास्त गोंधळ 'रॅमशॅकल'चा होतो. रॅमशॅकल वस्तू मुळातच कशीतरी उभी केलेली असते. पत्रे, बांबू, जुनी दारं ठोकून रातोरात झालेली टपरी पहिल्या दिवसापासून रॅमशॅकल असते. डिलॅपिडेटेड व्हायला मात्र आधी धड असावं लागतं. रॅमशॅकल अमूर्त गोष्टींनाही छान लागतो, पाच पक्षांचं कसंबसं जुळवलेलं सरकार 'अ रॅमशॅकल कोअलिशन' म्हणवतं. तिथे डिलॅपिडेटेड बसत नाही.

'रिकेटी' हा मुडदूस या रोगाच्या इंग्रजी नावावरून आला. मुडदुसात हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. म्हणून जे हलतं, डगमगतं, पाय ठेवायला भीती वाटते ते रिकेटी: जुन्या चाळीचा लाकडी जिना, तीन पायांवर उभं स्टूल, ओढ्यावरचा साकव. इमारत डिलॅपिडेटेड आणि तिचा जिना रिकेटी असं एकाच वाक्यात सुखानं लिहिता येतं. 'डिक्रेपिट'मध्ये वार्धक्य आहे, तो माणसालाही लागतो, आपल्या 'जर्जर'च्या जवळचा. 'रन-डाउन' सौम्य आहे आणि वस्ती, हॉटेल, रेल्वे स्थानक यांना जास्त शोभतो. घरमालकाला तोंडावर सांगायचं असेल तर मी हाच शब्द वापरेन.

'डेरेलिक्ट' म्हणजे सोडून दिलेलं. मुळात खलाशांनी समुद्रात सोडलेलं जहाज. यात पडझडीपेक्षा परित्याग महत्त्वाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर एकेक करून बंद पडलेल्या गिरण्या वर्षानुवर्षं डेरेलिक्ट होत्या. कुलाब्याची मुकेश मिल त्यातली, आग लागून बंद पडली आणि पुढे तिच्या काळ्या भिंतींमध्ये सिनेमाची शूटिंगं होत राहिली. डिलॅपिडेटेड इमारतीत मात्र माणसं राहत असू शकतात, मुंबईत तर बहुतेक वेळा राहतातच. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ. आणि 'रुइन्ड' किंवा 'इन रुइन्स' ही पुढची पायरी, तिथे इमारत म्हणून काही उरलेलं नसतं. शनिवारवाड्यातला राजवाडा १८२८ च्या आगीत जळाला, आज दिसतात ती जोती. त्यांची निगा राखली जाते. त्यांना डिलॅपिडेटेड म्हणणं देखभाल करणाऱ्यांवर अन्याय होईल.

मराठीत एका शब्दाला एकच प्रतिशब्द शोधत बसू नये. वाक्य बघून ठरवावं. इमारतीला 'मोडकळीस आलेली' चपखल आहे आणि सरकारी मराठीनं तोच उचललाय. घराला 'पडकं'. फर्निचरला 'मोडकंतोडकं' किंवा 'खिळखिळं'. 'जीर्ण' जपून वापरा. जीर्णात काळाची झीज आहे, कुणाचा हलगर्जीपणा त्यात नाही, शिवाय थोडा आदरही मिसळलेला आहे. म्हणूनच देवळाचा जीर्णोद्धार होतो. बिल्डर चाळीचा पुनर्विकास करतो तेव्हा त्याला कुणी जीर्णोद्धार म्हणत नाही. 'जुनी' तर मुळीच नको. दादर-माटुंग्यात शंभरीकडे झुकलेल्या इमारती आहेत, दर काही वर्षांनी रंग, वेळच्या वेळी पाइप बदललेले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं. त्या जुन्या आहेत, बस. आणि 'धोकादायक' तर अजिबातच नको. माझ्या मते या शब्दाच्या भाषांतरातली सगळ्यात महागडी चूक हीच.

ती चूक मुंबईत इतकी सहज का होते, याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली, पुढे १९४७ च्या भाडे कायद्यानं ती तशीच धरून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते तेव्हा गरजेचंही होतं. पण खोलीचं भाडं काही रुपयांवर थिजलं आणि सिमेंट, लाकूड, मजुरी वाढत राहिली. दुरुस्ती हे कायद्यानं मालकाचं काम, त्याला ते परवडत नाही, भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही. म्हणजे या शब्दाच्या गाभ्यातलं 'दुर्लक्ष' इथे व्यवस्थेनंच बसवून दिलं.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. शहर भागातल्या १९ हजारांहून अधिक इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून मंडळानं दुरुस्त्या करायच्या असं ठरलं. या उपकरप्राप्त इमारतींचे वयानुसार तीन गट: १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या 'अ', १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ मधल्या 'क'. पण दुरुस्तीवर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याला मर्यादा होती. तिच्या बाहेर गेलेली इमारत दुरुस्त होत नसे, टेकू लावून ठेवली जाई. गिरगाव, भुलेश्वर, भेंडीबाजार या भागांत टेकूंच्या जंगलातून वाट काढत घरी जाणारी पिढीच्या पिढी वाढली. तिला 'मोडकळीस आलेली' आणि 'धोकादायक' हे शब्द एकाच दमात ऐकायची सवय झाली.

कायद्याची भाषा मात्र हा घोटाळा करत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चं कलम ३५४, ज्याखाली रिकामी करण्याची आणि पाडण्याची नोटीस निघते, ते मुळातून वाचा. तिथे 'रुइनस', 'लाइकली टू फॉल' आणि 'डेंजरस' हे शब्द आहेत. म्हणजे भग्न अवस्थेतली, पडण्याची शक्यता असलेली, किंवा राहणाऱ्याला वा बाजूनं जाणाऱ्याला धोका असलेली वास्तू. नुसती डागडुजी राहिली म्हणून घर पाडण्याचा अधिकार या शब्दांतून निघत नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आणि आज पालिका ज्या वर्गवारीनं चालते ती सगळ्यांना पाठ झाली आहे. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोकांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आता गंमत बघा, या चारही वर्गांतली इमारत दिसायला डिलॅपिडेटेड असू शकते. प्लास्टरचे पोपडे, शेवाळ धरलेली भिंत, गळका पाइप, लटकलेली गॅलरी सी-२बीमध्येही असते. म्हणून अहवालात नुसतं डिलॅपिडेटेड लिहिलेलं असेल तर कुठला वर्ग, हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

उलट बाजूनं बघू. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं मेली. ती अजून बांधलीच जात होती. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली, १६ जण गेले, इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. या दोन्हींना डिलॅपिडेटेड हा शब्द लागू पडत नाही, किल्लारीच्या घरांना लागला नाही तसाच. बांधकामच निकृष्ट असेल तर इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. आणि ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात कोसळलेली हुसैनी इमारत, जिनं ३३ जीव घेतले, ती मोडकळीसही आलेली होती आणि धोकादायकही. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, बऱ्याचदा येतात. पण एक सिद्ध केली म्हणजे दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

याच फटीत एस्प्लनेड मॅन्शनचा वाद अडकला होता. काळा घोड्याजवळची ही इमारत म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणला आणि इथे उभा केला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ भारतात पहिल्यांदा इथेच झाला. पुढे तिच्या खोल्या-खोल्यांची ऑफिसं झाली, पोटमाळे चढले, देखभाल संपली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली गेली. ती डिलॅपिडेटेड आहे यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते पुढच्या प्रश्नावर: लोखंडाचा सांगाडा अजून वाचवण्याजोगा आहे की पाडण्याशिवाय गत्यंतर नाही. त्याचं उत्तर विशेषणातून मिळत नाही, त्यासाठी सांगाड्याच्या सांध्यापर्यंत हात पोचावा लागतो.

म्हणून अहवालाच्या निष्कर्षात हा शब्द आला की मी भुवया उंचावतो. वर्णनाच्या भागात तो ठीक आहे. निष्कर्षात तो म्हणजे डॉक्टरनं निदानाच्या जागी 'प्रकृती खालावली आहे' लिहावं तसा. पुष्कळ अहवालांत एक ठरलेलं वाक्य चिकटवलेलं असतं: 'द बिल्डिंग इज डिलॅपिडेटेड अँड मे कोलॅप्स एनी टाइम'. यात 'अँड'च्या अलीकडचं विधान डोळ्यांनी दिसतं, पलीकडच्याला आकडे लागतात. ते पुढच्या पानांवर आहेत का ते बघा. स्पष्टच सांगतो, हे वाक्य कधी कधी कुणाच्या तरी सोयीनं येतं. पुनर्विकासाची घाई असलेल्यांना ते हवं असतं आणि जागा सोडायची नसलेल्यांना नको असतं. दोन्हीकडून अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराच्या कानाशी लागणारे असतात. दोन बाजूंचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत तर पालिकेकडे तांत्रिक सल्लागार समिती असते, प्रकरण तिच्यापुढे जातं. तिथे विशेषणं कुणी विचारत नाही, चाचण्या विचारतात.

चाचण्या कुठल्या, ते थोडक्यात. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीत काँक्रीटचा एकसंधपणा बघायला अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी करतात, म्हणजे त्यातून ध्वनिलहरी किती वेगानं जातात ते मोजतात. भारतीय मानकाच्या जुन्या कोष्टकात सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर वेग आला तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली आला तर शंकास्पद धरलं जाई. सळई गंजतेय का हे हाफ सेल पोटेन्शियल या विद्युत चाचणीनं कळतं, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन फवारलं आणि ते गुलाबी झालं नाही, तर तिथली अल्कता गेली, सळईचं कवच संपलं. रिबाउंड हॅमर हा आपटून उसळी मोजणारा हातोडा वरच्या पृष्ठभागाचं सांगतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणी सी-१ लिहीत असेल तर मान्य करू नका. पक्की ताकद काढायची तर कोअर, म्हणजे काँक्रीटची दंडगोल कांडी, कापून प्रयोगशाळेत दाबावी लागते. सळईवरचा गंज मूळच्या लोखंडाच्या कैक पट जागा मागतो, त्या दाबानं वरचं काँक्रीट सुटतं. म्हणून बीमच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत आडवी चीर गेलेली दिसली तर ती प्लास्टरची चीर म्हणून सोडू नये. प्लास्टरच्या चिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे पसरतात, त्या दिसायला भयंकर असल्या तरी बहुधा निरुपद्रवी.

लाकूड-विटांच्या जुन्या इमारतीला या चाचण्या बहुतेक गैरलागू. तिथे संडास-मोऱ्यांच्या बाजूचे वासे भिंतीत शिरतात ते टोक बघावं लागतं. बर्मा सागाचा वासा मध्यभागी अजून टणटणीत असतो आणि भिंतीतलं वीतभर टोक ओलीनं भुसा झालेलं असतं. वरून रंग दिलेला असला तर पाहुण्याला इमारत छान दिसते. अशी इमारत डिलॅपिडेटेड दिसतही नाही.

तर तुमच्या अहवालाबद्दल. पहिल्यांदा वर्ग शोधा: सी-१, सी-२ए, सी-२बी की सी-३. तो लिहिलाच नसेल तर अहवाल अपुरा आहे. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर पालिकेच्या कायद्यानं संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे, शिवाय सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. मागचे अहवाल कपाटात असतील तर काढा, आधीच्या आकड्यांशी आत्ताचे ताडून बघा. इमारत किती वेगानं खालावतेय हे एका अहवालातून कधीच कळत नाही. वर्ग सी-१ असेल तर मात्र शब्दाचा कीस काढत बसू नका, आधी माणसं बाहेर काढा, अहवालाला आव्हान बाहेरून देता येतं. कुठल्या कॉलमला तात्पुरता टेकू हवा असेल तर तो आजच लावा, सर्वसाधारण सभेची वाट बघू नका.

वर्ग दिलेला नसेल तर सल्लागाराला पत्र पाठवा. इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत नीट मांडा, म्हणजे काय विचारायचंय ते सुटत नाही: 'आपल्या अहवालात इमारत डिलॅपिडेटेड असल्याचं नमूद आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. कोणते कॉलम, बीम व स्लॅब असुरक्षित आहेत, त्यांची नकाशावर खूण करून. प्रत्येकाच्या चाचणीचे आकडे. इमारत पालिकेच्या कोणत्या वर्गात बसते. दुरुस्ती शक्य असल्यास तिचा अंदाजित खर्च आणि दुरुस्तीनंतरचं अपेक्षित आयुष्य. दुरुस्ती शक्य नसल्यास त्याचं तांत्रिक कारण.' पत्राची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या आणि उत्तराला तारीख घाला. पावसाळा तोंडावर असेल तर पंधरा दिवसांच्या वर देऊ नका.